लोगोतली होडी

मी स्वस्थ बसणारी बाई नाही. माहेरी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. तरी माझा धंदा नेमका दिवसभर खुर्चीत बसायचा. रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका जिन्याशेजारी माझा गाळा आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, असलं सगळं मी करते. मधेच उठून समोरच्या टपरीवर चहा सांगून येते, चहा उभ्यानं पिते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, बाई आपल्याला हाकलतेय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या वाडीच्या मंडळाचे चिटणीस गाळ्यात आले. आमची वाडी बंदराला लागून आहे, सगळी मासेमारीवर जगणारी घरं. मंडळ जुनं. नाटक बसवणं, भजनं, नारळी पौर्णिमेचा कार्यक्रम, एका खोलीतलं वाचनालय, सगळं मंडळाचं. चिटणीसकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या असे मागे लागलेत की काकी म्हणतात, "ह्यांना जेवायला बोलवायचं तरी ठराव मांडावा लागतो."

काका मुंबईला मुलीकडे जाऊन आले होते. तिथं कुठल्याशा संग्रहालयात नातीनं त्यांना भिंतीवरच्या चित्रावर फोन धरायला लावला आणि चित्रातला हत्ती उठून त्यांच्या अंगावर चालून आला. काका म्हणे घाबरून मागे सरले आणि मागच्या बाईच्या पायावर पडले. तेव्हापासून डोक्यात तेच.

"ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात त्याला," काकांनी मला शिकवलं. "आपल्या लोगोतली होडी तशी उठली पायजे. वर्धापनदिनाला पाहुणे येतील, भिंतीवर फोन धरतील आणि होडी सुटेल. जमेल ना गो तुला? का पुण्याच्या माणसाला विचारू?"

पुण्याच्या माणसाचं नाव काढलं आणि माझं डोकं सटकलं. "जमेल म्हणजे काय? करूनच दाखवते," म्हटलं. त्यातलं ओ की ठो मला तेव्हा कळत नव्हतं.

हा लोगो मंडळाच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेला आहे. एक गोल, गोलात शिडाची होडी, खाली लाटा. लाटा अशा की कुणीतरी जिलब्या तळून मांडल्यात. बंदरात आता शिडाची होडी औषधालाही नाही, सगळ्या इंजिनाच्या बोटी. पण शिडाला हात लावला तर वाडी मला उभी जाळेल हे मला ठाऊक होतं. शीड ठेवलं, जिलब्या काढल्या. रेषा साफ केल्या, रंग कमी केले. भिंतीवर नवं चित्र रंगवून घेतलं. मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा व्हिडिओ बघबघून शिकत गेले. फोनला ते चित्र ओळखायला कसं लावायचं, होडी हवेत उभी कशी करायची, पाणी कसं हलवायचं. कितीदा तरी होडी भिंतीला उलटी लटकली. एकदा मंडळाच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली ती खालीच येईना. मी अंगणात फोन धरून एकटीच शिव्या घालत फिरायचे आणि समोरची म्हातारी खिडकीतून विचारायची, "कोणाशी भांडतंस गो?"

शेवटी जमलं. आणि काय जमलं म्हणून सांगू! फोन धरला की गोल पाण्यानं भरायचा, शीड फुगायचं आणि होडी भिंतीतून सुटून अंगणात यायची. कमरेएवढ्या उंचीवरून, बाकड्यांमधून वाट काढत, कुंपणावरून पलीकडे. तिच्यामागे फोन वळवत गेलं की ती समुद्राकडे लहान लहान होत जायची आणि शेवटी नुसतं पाणी उरायचं. तो शेवट मला फार आवडला होता. त्यासाठी मी डोळे फोडून घेतले होते. चिटणीसकाकांनी बघितलं आणि लगेच पुन्हा भिंतीवर फोन धरला. "काय केलंस गो बाय," म्हणाले. मी अशी फुगले की दाराबाहेर पडताना आडवी व्हायची वेळ आली.

भजनाच्या सरावाला बायका जमल्या होत्या, तेव्हा म्हटलं, चला, आधी ह्यांना दाखवू. सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिलं. होडी भिंतीतून निघाली तेव्हा काय गलका झाला! "अगो बाय माझे!" "माझ्या पायावरून गेली मेली!" माझ्या सासूनं तर पाणी लागेल म्हणून साडी वर धरली. मग होडी कुंपण ओलांडून गेली आणि एकेक फोन खाली व्हायला लागला. एकीनं तो मांडीवर पालथा घातला. दुसरीनं पदराखाली घेतला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. होडी अजून दिसत होती, माझा लाडका शेवट यायचा होता आणि बघायला कोणी नाही.

"अहो बघा ना, अजून आहे पुढे!" मी ओरडले.

"पुढे काय आहे?" सासूनं विचारलं.

"लांब लांब जाते आणि दिसेनाशी होते."

माझी सासू मासळी बाजारात बसते. तिनं तोंड उघडलं की शेजारच्या टोपलीवालीचं गिऱ्हाईकही दचकतं. पण तेव्हा ती हळू बोलली. "डोंगरातली ती डोंगरातलीच राहिलीस गो. पुरुष पाण्यावर निघतात तेव्हा आपण काय करतो?"

मी मंडणगडकडची. आमच्याकडे भात, नाचणी आणि चढउतार. सासरी आले तेव्हा बघितलं, बोट सुटायची असली की बायका धक्क्यावर जातात, डबा देतात, काय सांगायचं ते सांगतात. बोट बंदराच्या बांधापर्यंत पोचली की सगळ्या वळून घरची वाट धरतात. बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत उभं राहायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत. आपण आधी पाठ फिरवायची. मीही इतकी वर्षं वळत आलेय, सगळ्या वळतात म्हणून, आणि वळता वळता गॅसवर काय ठेवलंय ते आठवत.

"आई, चित्र आहे ते," मी म्हटलं.

"चित्र आहे ना? मग दुसरं काढ."

झालं! एवढी मेहनत केली आणि ह्या बाईनं एका वाक्यात निकाल लावला. मीही हट्टाला पेटले. काहीएक बदलणार नाही, म्हटलं, पाहुण्यांना आवडलं म्हणजे झालं. घरी आम्ही दोघी भांडी आपटत स्वयंपाक करत होतो. नवरा जेवायला बसला होता. माझा नवरा बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमानं चालते, पण घरात त्याला कोण विचारतो? "माझा जाळ्यात आलेला बांगडा करू नका," एवढंच म्हणाला आणि ताट उचलून ओटीवर गेला.

त्यानंतर तो पाण्यावर गेला. नेहमीसारखा. वाडीतलीच पोरं खलाशी म्हणून बरोबर होती.

ऑक्टोबरचं ऊन असं होतं की गाळ्यात पंख्याखाली बसून घाम निथळत होता. आणि एका दुपारी हवा बंद झाली. पान हलेना. मग वारं सुटलं ते असं की बाजारातले माझेच बॅनर माझ्या डोळ्यांसमोर फाटून उडाले. गाळ्याचं शटर ओढलं आणि स्कूटर थेट धक्क्यावर नेली. धोक्याचा बावटा चढला होता. बोटी एकामागून एक आत शिरत होत्या, माणसं भिजून चिंब, बायका नावं घेऊन हाका मारत होत्या. अंधार पडेपर्यंत सगळ्या आल्या. आमची नाही आली.

आमच्या बोटीशी शेवटचं वायरलेसवर बोललेला दुसरा तांडेल म्हणाला, "वहिनी, इंजिन गरम होतंय म्हणत होता. वर सरकतो म्हणाला, उत्तरेला. मग आवाज तुटला."

"सरकतो म्हणजे कुठं?"

त्यानं नुसता उत्तरेकडे हात केला. फोन लावला तर बाई सांगते, संपर्कक्षेत्राबाहेर. बोटीच्या मालकाला फोन लावला तर तो सांगतो, काळजी करू नका वहिनी, सगळीकडे कळवलंय. काळजी करू नका! मग काय करू? फुगड्या घालू?

सरळ सांगते, मला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पण समुद्र अजून पिसाळलेलाच. मी धक्क्यावरून घरी, घरून गाळ्यात, गाळ्यातून परत धक्क्यावर. सासू घासलेली भांडी पुन्हा घासत बसली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून पुन्हा बाहेर पडले. काही सुचेना तेव्हा स्कूटर काढून आरे-वारेच्या चढावर गेले. तिथून उत्तरेकडचं पाणी दिसतं. काय दिसणार होतं मला? पण गेले. तिथं फिरायला आलेली माणसं लाटांसमोर उभी राहून फोटो काढत होती. एक बाई मला म्हणाली, "ताई, आमचा एक काढता का? मागे समुद्र छान रागावलाय." मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं फोन परत पर्समध्ये टाकला.

परत आले तर चिटणीसकाका दारात. ते घरात येईनात, उंबऱ्यापाशीच चुळबुळत राहिले. "वर्धापनदिन आपण पुढे ढकलू गो," म्हणाले. "तुझं मन नसेल तर. पाहुण्यांना मी सांगतो."

"ढकलायचा नाही," मी म्हटलं.

"अगो पण..."

"काका, ढकललात तर वाडीनं काय समजायचं? मी काय समजायचं? ठरल्या दिवशी करा."

ते गेले आणि मी लॅपटॉप उघडला. दुसरं काय करणार होते? हातांना काम हवं होतं. फोन छापील लोगोवर धरला आणि होडी निघाली. टेबलावरून, सासूच्या तांदळाच्या डब्याला वळसा घालून, खिडकीतून बाहेर. लहान झाली. मी फोन खाली टाकला. परत धरला, परत तेच. ती दर वेळी जात होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं, कारण मीच तिला तेवढं शिकवलं होतं. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की लॅपटॉप उचलून परसात फेकायचा बाकी राहिला.

शेवट काढून टाकला. मग म्हटलं, जाते तशी परत येऊ दे. चाल उलटी केली. तर होडी परत येताना मागे मागे सरकत आली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे आणि मागचं टोक घराकडे. चिखलात बैल मागे मागे सरतो ना, तशी. मला हसू आलं, आणि हसता हसता रडायला कधी लागले कळलं नाही. सासू दारात येऊन बघून गेली. परत येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

मग होडी वळवून सरळ आणली. खिडकीतून आत, नाळ पुढे, शीड फुगलेलं. दिसायला झकास. पण ती येत असताना मला बघवेना. येतेय, येतेय, अजून पोचली नाही. हे काय, मी दोन दिवस तेच तर करत होते! तेही काढून टाकलं. लाटा कमी केल्या. शीड उतरवून गुंडाळून ठेवलं. एक दगडी धक्का केला, त्याला दोर लावला, दोराचं दुसरं टोक होडीला. गाठ नीट दिसावी म्हणून ती जवळून काढली. होडी भिंतीतून बाहेर यायची, अंगणाच्या मधोमध थांबायची आणि नुसती डुलत राहायची. बास.

त्याच दिवशी धक्क्यावर बातमी आली की केळशीच्या खाडीत बाहेरची एक बोट शिरलीय. कुठली, ते कोणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणाला निळी, एक म्हणाला हिरवी. आमची निळीच, पण निम्म्या बोटी निळ्या. मी माझ्या भावाला फोन लावला. मंडणगडहून केळशी काही फार लांब नाही. माझा भाऊ शेतीवाला, त्याला पोहता येत नाही, खाडीच्या पुलावरून जाताना पण तो डोळे मिटतो.

"दादा, आत्ताच्या आत्ता खाली जा आणि बघून ये," म्हटलं.

"अगं, भात कापायला माणसं आलीत माझी."

"भात कुठं पळून जात नाही! जा म्हणते ना!"

तो गेला. मी फोन हातात धरून वाडीच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिले. सासू ओटीवर उभी. मला वाटतं त्या दिवशी मी रस्त्यावरचं डांबर झिजवलं असेल. मग फोन वाजला, दादाचा नंबर.

"दादा, काय?"

नुसता वाऱ्याचा आवाज. मग, "अगं, मी आहे."

नवरा. मी काय बोलले ते मला सांगता यायचं नाही, कारण ते लिहिण्यासारखं नाही. वाडीतली पोरं अजून ते आठवून हसतात. "फोन कुठं तडमडला तुमचा?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

"पाण्यात गेला," तो म्हणाला. "इंजिन पण गेलं. पोरं सगळी धड आहेत. तुझ्या भावानं भाकरी आणल्यात. काय जाड करतात गं तुमच्याकडे!"

मी फोन सासूच्या हातात दिला. तिनं कानाला लावला, ऐकलं, "ये," म्हणाली आणि परत दिला. मग आत जाऊन मोरीचा नळ सोडून खूप वेळ तोंड धूत राहिली.

बोट केळशीलाच ठेवावी लागणार होती, मेकॅनिक मिळेपर्यंत. तांडेल आणि खलाशी यायचे ते एसटीनं. आणि ते यायचे नेमके वर्धापनदिनाच्या संध्याकाळी. मी म्हटलं, मी कार्यक्रमाला येत नाही. सासू म्हणाली, "जा. बारशाला आई पायजे. मी आहे घरी." गेले खरी, पण जीव सगळा एसटी स्टँडकडे. गाडी दापोलीला चुकली का, घाटात अडकली का, कान नुसते रस्त्याला.

चिटणीसकाकांना अजून नवी होडी दाखवली नव्हती. त्यांनी ती पाहुण्यांबरोबरच बघितली. जिल्ह्याच्या कुठल्याशा खात्यातले मोठे साहेब होते, चांगला माणूस. त्यांनी भिंतीवर फोन धरला. गोल पाण्यानं भरला, होडी बाहेर आली, अंगणाच्या मधोमध धक्क्याला लागली आणि डुलत राहिली. साहेब वाट बघत राहिले. काका माझ्याकडे बघत राहिले.

"सुटणार ना गो?" काका कानाशी आले. "सुटायची होती ना?"

"नाही सुटणार."

"अगो, मग ह्याच्यात बघायचं काय?"

पण अंगणातल्या बायका बघत होत्या. फोन खाली घेतलेला एकही हात मला दिसला नाही. कोणी वाकून गाठ बघत होतं, कोणी होडीच्या भोवती फिरत होतं. केळशीहून यायच्या पोरांच्या आया तर तिच्यापाशीच उभ्या राहिल्या होत्या. साहेबांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते माइकवर म्हणाले, "कल्पना सुंदर आहे. पण एक विचारू का? होडी रिकामी का ठेवलीत? हिच्यात माणसं का नाहीत?"

माइक माझ्यासमोर धरला. मी माणसं काढायला बसले होते, खरं म्हणजे. तोंडं काढता आली नाहीत मला. आता हे माइकवर कसं सांगायचं? काका घाम पुसायला लागले.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून आवाज आला, मासळी बाजारातला, पूर्ण ताकदीचा.

"माणसं घरी आली साहेब! जेवायला बसलीत!"

सासू धापा टाकत उभी होती, हाताला पीठ, पायात चपला नाहीत. साहेब छान उत्तर म्हणून हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. वाडीतलं कोणी हसलं नाही. त्या आया फोन हातात तसेच घेऊन फाटकाकडे धावल्या. मी माइक काकांच्या हातात दिला, साहेबांना नमस्कार करायचा राहिला तो राहिलाच, आणि पळत सुटले.

तो खरंच जेवत होता. अंगात माझ्या भावाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, ओठ खारानं फुटलेले. समोर ताट, ताटात भात, आमटी, तळलेला मासा. माझ्याकडे बघून म्हणाला, "कार्यक्रम संपला एवढ्यात?"

"भात वाढू?" मी विचारलं.

"आईनं आत्ताच वाढलाय गं."

"तरी वाढते," म्हटलं, आणि वाढला.